पालीची रात्र आणि आपला दिवा

इच्छापोरहून एका वाचक कुटुंबाने आम्हांस पत्राने एक प्रश्न विचारला आहे. वरवर पाहता तो पोरकट वाटेल. परंतु त्याचा विचार करू लागल्यावर आम्हांस तो चांगलाच खोल असल्याचे दिसून आले, आणि म्हणून त्याचे उत्तर खाजगी पत्राने न धाडता ह्या पानावर देण्याचे आम्ही योजिले आहे.

कुटुंब मूळचे नंदुरबारकडचे; वडील सुरतेकडे हिऱ्याच्या कारखान्यात कामाला आहेत. थोरल्या मुलाने शहरातील एका दुकानातून पाळीव पाल विकत आणली. ही आपल्या भिंतीवरची पाल नव्हे. पिवळसर अंगावर काळे ठिपके, शेपटी जाड व गाजरासारखी निमुळती, चाल संथ. हिला बिबट्या पाल म्हणतात. दुकानदाराने काचपेटीबरोबर तीन दिवे दिले, एक तांबडा, एक निळा व एक पांढरा. पालीला तांबडा रंग मुळीच दिसत नाही, तेव्हा तो दिवा रात्रभर लावावा. निळा म्हणजे चांदणेच, तोही चालेल. असे त्याने सांगितले. मुलाने महिनाभर तांबडा दिवा पेटीच्या झाकणावर रात्रभर जळत ठेवला. पाल दिवसा झोपते हे ठीकच. पण ती रात्रीही खापराखालून बाहेर येईना, आणि अन्नही पुरते खाईना. मातोश्री लिहितात, की फादर, आम्ही जनावर पाहण्यासाठी दिवा लावतो आणि दिव्यामुळेच ते दिसत नाही असे तर होत नाही ना? त्यांच्या मनात जी पाल चुकचुकली ती योग्य वेळी चुकचुकली, एवढे प्रारंभीच सांगून ठेवतो.

अन्न टाकण्याची कारणे अनेक असतात. नव्या जागी आलेले जनावर काही दिवस खात नाही. पेटी थंड असेल तर खाल्लेले पचत नाही. पोटात जंतही असू शकतात. शेपटी बारीक होऊ लागली तर दिव्याचा खल करीत न बसता जनावरांच्या डॉक्टरांकडे जावे, कारण ह्या पालीचा चरबीचा सारा साठा शेपटीत असतो. परंतु दिव्याचा प्रश्न स्वतंत्रपणे महत्त्वाचा आहेच. रानातली पाल उजेड नकोसा झाला की दगडाखाली सरकते, दुसऱ्या बिळात जाते, चार हात पलीकडे जाऊन शिकार धरते. काचपेटीतल्या पालीला ही मुभा नाही. तिचा सूर्य व तिचा चंद्र दोन्ही आपल्या भिंतीवरच्या बटणात आहेत. ते बटण आपण कोणासाठी दाबतो, आपल्या डोळ्यांसाठी की तिच्या, हा खरा मुद्दा आहे.

आता पालीचा डोळा कसा असतो ते पाहू. येथे आम्ही थोडे रेंगाळणार आहोत, कारण हा विषय आहेच तसा नवलाचा.

माणसाच्या डोळ्याच्या पडद्यात दोन प्रकारच्या पेशी असतात. दंडपेशी अंधारात काम करतात, पण त्यांना रंग कळत नाहीत. शंकूपेशींना रंग कळतात, पण त्यांना भरपूर उजेड लागतो. म्हणूनच चांदण्यात आपल्याला अंगण दिसते, झाड दिसते, परंतु दोरीवर वाळत घातलेले लुगडे हिरवे की तांबडे हे सांगता येत नाही. पालींची गोष्ट निराळी आहे. त्यांचे प्राचीन पूर्वज सरड्यासारखे दिवसा हिंडणारे होते व त्यांच्या डोळ्यांतील दंडपेशी नाहीशा झाल्या होत्या. पुढे पाली रात्रीच्या जीवनाकडे वळल्या. गेलेल्या दंडपेशी परत येईनात. तेव्हा पिढ्यान् पिढ्यांच्या ओघात त्यांच्या शंकूपेशीच मोठ्या, लांब व अतिशय तीव्र होत गेल्या. दंडपेशींचे काम शंकूपेशींनी उचलले, असे म्हणावयास हरकत नाही. अमेरिकन नेत्रशास्त्रज्ञ गॉर्डन वॉल्स ह्यांनी १९४२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हा विचार मांडला होता. पुढील संशोधनाने त्याला पुष्कळ बळकटी आणली.

ह्याचा परिणाम असा, की पालीला रात्री रंग दिसतात. स्वीडनमधील लुंड विद्यापीठात लीना रोट व आल्मुट केल्बर ह्या दोघींनी वायव्य आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील एका पालीवर प्रयोग केले व ते २००४ साली प्रसिद्ध केले. मंद चांदण्याइतक्या उजेडात, जेथे माणसाला सर्व काही राखाडीच दिसते, तेथे ह्या पालीने निळा नमुना व राखाडी नमुना अचूक वेगळे ओळखले. रंग ओळखण्याच्या अगदी शेवटच्या मर्यादेवर माणसाच्या डोळ्याशी तुलना केली, तर ह्या पालीचा डोळा सुमारे ३५० पट अधिक तीव्र ठरतो, असा हिशेब त्यांनी मांडला आहे. वाचकांनी हा आकडा लक्षात ठेवावा. आपण ज्याला काळोख म्हणतो तो तिचा काळोख नव्हेच. आणि आपण ज्याला मंद उजेड म्हणतो तो तिला टळटळीत दुपारसारखा वाटत असला, तर त्यात आश्चर्य काय!

एवढा तीव्र डोळा दिवसा कसा टिकतो? त्यासाठी बाहुलीची योजना आहे. आपली बाहुली उजेडात बारीक होते ती अंधारातल्या क्षेत्रफळाच्या सोळाव्या हिश्शाइतकी, म्हणजे फार झाले तर. रात्री हिंडणाऱ्या पालीची बाहुली उभ्या फटीसारखी असते. ईशान्य भारतातील मोठ्या टोके पालीत तर ती फट पुरती मिटून एकाखाली एक अशी चार सूक्ष्म छिद्रे तेवढी उरतात. तेथे आत येणारा उजेड तीनशेपट कमी होऊ शकतो. बिबट्या पालीचीही बाहुली उभ्या फटीचीच असते व तिच्या कडा किंचित दातेरी असतात. अंधारात हीच फट पसरून जवळजवळ वाटोळी होते. ही गोष्ट पुढे आपल्या फार उपयोगी पडणार आहे.

आता रंगांकडे वळू. टोके पालीच्या डोळ्यात जी रंगद्रव्ये सापडली त्यांपैकी एक हिरव्या उजेडाला सर्वाधिक प्रतिसाद देते (तरंगलांबी ५२१ नॅनोमीटर), दुसरे निळ्याला (४६७ नॅनोमीटर). तिसरे द्रव्य १९९४ साली निदर्शनास आले. ते आपल्याला मुळीच न दिसणाऱ्या अतिनील किरणांना जागे होते. इतर अनेक पालींत, बिबट्या पालीच्या घराण्यातही, हीच तीन प्रकारची व्यवस्था आहे. माणसाच्या डोळ्यात तांबड्याकडे झुकणारी जी तिसरी जात आहे, ती त्यांच्यात नाही.

ह्यावरून दुकानदाराच्या तिन्ही दिव्यांचा निकाल लावता येतो.

निळा दिवा सर्वांत वाईट. चांदण्याच्या नावाने तो विकला जातो आणि आपल्याला तो मंद व शीतल भासतो. परंतु पालीच्या डोळ्यातील एक द्रव्य नेमके त्याच रंगासाठी बनलेले आहे. गंमत अशी, की चांदणे निळे नसतेच. चंद्राचा उजेड म्हणजे चंद्राच्या मातीवरून उलटलेला सूर्यप्रकाश. तो सूर्यप्रकाशाहून किंचित तांबूसच असतो. मंद उजेडात आपला डोळा तांबड्याला आंधळा व निळ्या-हिरव्याला जागा होत जातो, म्हणून आपल्याला चांदणे निळसर भासते. पहाटेच्या झुंजुमुंजूत तांबडी फुले काळी व पाने उजळ दिसतात हे प्रथम बारकाईने टिपणारे बोहेमियाचे शास्त्रज्ञ पुर्किन्ये. हे तरुणपणी पिआरिस्त धर्मसंघात दाखल झाले होते व धर्मगुरू होण्यापूर्वीच त्यांनी संघ सोडला. संघाचे नुकसान झाले, पण डोळ्याच्या शास्त्राचा लाभ झाला, असे म्हणून आम्ही पुढे जातो.

पांढऱ्या दिव्याचे काम दिवसा. बिबट्या पाल दिवसा लपून राहते, तरी तिला दिवस हवा असतो. दिवस व रात्र ह्यांतील फरक तिच्या शरीराला कळावा लागतो. सौम्य अतिनील किरणे दिवसा थोडा वेळ मिळाली तर ह्या पालीच्या शरीरात ड जीवनसत्त्व वाढते, असे अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले आहे. परंतु सूर्य मावळला की पांढरा दिवा मालवावा.

राहिला तांबडा. त्याविषयी दुकानदाराचे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरे बोलणे हे कित्येकदा निव्वळ खोट्याहून अधिक घोटाळा करते. पालीला तांबडे कमी दिसते हे बरोबर. मुळीच दिसत नाही हे मात्र चूक. हिरव्याला प्रतिसाद देणारे द्रव्य नारिंगी व तांबड्यालाही थोडाथोडा प्रतिसाद देते; गडद तांबड्याकडे जावे तसतसा तो वेगाने ओसरतो, पण एकदम तुटत नाही. आमच्या वयाच्या वाचकांना फोटो स्टुडिओतील अंधारी खोली आठवत असेल. काळ्यापांढऱ्या छायाचित्राचा कागद तांबड्या दिव्यात उघडता येई, कारण त्याला तांबडा उजेड जवळजवळ लागत नसे. पण जाणता छायाचित्रकार दिवा लहानच ठेवी, टेबलापासून चार हात दूर ठेवी, आणि कागद तेथे उगाच उघडा पडू देत नसे. साध्या बल्बला तांबडा कागद गुंडाळून काम भागत नाही हेही त्याला ठाऊक असे, कारण तशा कागदातून पिवळा उजेड झिरपतो. पालीच्या बाबतीत हेच तीन नियम लागू आहेत. पेटीवर टेकलेला, उष्णता देणारा, रात्रभर जळणारा तांबडा बल्ब तिन्ही नियम मोडतो.

आणखी एक गोष्ट आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांना उजेड केवळ डोळ्यांनीच कळतो असे नाही. अमेरिकेत १९७० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे आढळले, की दृष्टी गेलेल्या सरड्यांचे देहघड्याळदेखील उजेड-अंधाराच्या चक्राशी जुळून राहते. पातळ कवटीतून उजेड आत पोचतो व मेंदूतील काही पेशी तो ओळखतात. तेव्हा तिला दिसत नाही मग तिला कळतही नाही, असे धरून चालू नये.

न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स प्राणिसंग्रहालयात १९६९ साली निशाचर प्राण्यांसाठी एक खास अंधारघर उघडण्यात आले होते; ते २००९ मध्ये बंद झाले. तेथे युक्ती अशी, की रात्री भरपूर दिवे लावून प्राण्यांचा दिवस करावयाचा आणि दिवसा प्रेक्षक येतील तेव्हा अगदी मंद उजेड ठेवून त्यांची रात्र करावयाची. म्हणजे उजेडाचा भरपूर वाटा त्यांना मिळेच, फक्त घड्याळ उलटे फिरविलेले. आपण घरी करतो ते ह्याच्या नेमके विपरीत: दिवस असतोच, आणि रात्रीचाही दिवस करून टाकतो.

मग पाहावे तरी कसे? प्रथम उजेडाचे माप समजून घेऊ. स्वच्छ आकाशातील पौर्णिमेचा उजेड जमिनीवर पाव लक्सच्या आसपास असतो; लक्स हे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचे माप. आता आपल्या घरातला झिरोचा दिवा घ्या. जुन्या काचेच्या झिरोच्या दिव्याला वीज लागतच नाही असा पुष्कळांचा समज असे. वस्तुतः तो बारा ते पंधरा वॉट वीज खात असे. आजचा अर्ध्या वॉटचा एलईडी दिवा समजा चाळीस लुमेन उजेड चोहोंकडे फेकतो. तो पेटीपासून एका फुटावर ठेवला तर पेटीत सुमारे पस्तीस लक्स उजेड पडेल, म्हणजे पौर्णिमेच्या शंभरपटीहून अधिक! तोच दिवा दहा फुटांवर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेला, तर पेटीत पडणारा उजेड उतरून एक तृतीयांश लक्सवर येतो, म्हणजे पौर्णिमेच्या जवळपास. अंतर दुप्पट केले की उजेड चौथाई होतो, हा साधा नियम शाळेत शिकणाऱ्या मुलाने पडताळून पाहावा. दिवा तोच, वीज तीच. फरक केवळ जागेचा.

म्हणून आमचे उत्तर असे. पेटीवर कोणताही दिवा नको. खोलीच्या पलीकडच्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून, अर्ध्या वॉटचा पिवळसर किंवा खरा गडद तांबडा दिवा ठेवावा, म्हणजे भिंतीवरून परतलेला उजेड तेवढा पेटीपर्यंत येईल. घरातले इतर दिवे मालवावेत आणि मुलांनी वीस मिनिटे स्वस्थ बसावे. हे वीस मिनिटे बसणे हीच साऱ्या युक्तीची गुरुकिल्ली आहे. आपल्या दंडपेशींना अंधाराशी जुळवून घ्यावयास तीस-चाळीस मिनिटांपर्यंत वेळ लागतो. मोबाईलच्या पडद्याकडे एकदा पाहिले की ती कमाई बरीचशी गेली. सायंप्रार्थना आटोपल्यावर ज्या घरात गोष्टी सांगण्याची चाल अजून आहे, तेथे ही वीस मिनिटे जड जाऊ नयेत. मग पाल पाहावी, अर्धा-पाऊण तास पाहावी, आणि निजताना तो दिवाही मालवावा. उरलेली रात्र तिची.

दिवा योग्य झाला की नाही हे ठरवावयास कोणत्याही यंत्राची जरूर नाही. पाल स्वतःच सांगते. तिच्या बाहुलीकडे पाहा. बाहुली सुईसारखी बारीक फट झाली असेल, तर दिवा आणखी दूर न्या किंवा त्यावर पातळ कागदाचे एक-दोन पदर घाला. बाहुली रुंद, वाटोळ्याकडे झुकणारी दिसली, तर समजावे की तिच्या दृष्टीने रात्र झाली आहे. एवढ्या मंद उजेडात बाहुली नीट दिसत नसेल, तर मोबाईलचा झोत मारू नये. मोबाईल टेकवून, झोत बंद ठेवून रात्रीच्या पद्धतीने एक छायाचित्र घ्यावे व बाजूला जाऊन न्याहाळावे.

हिऱ्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या वडिलांना हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. खड्याचा रंग पाहताना तो कोणत्या दिव्याखाली पाहिला ह्यावर सारे अवलंबून असते. पिवळ्या बल्बखाली पिवळट हिराही खपून जातो, म्हणून पारख करणारा माणूस ठराविक पांढऱ्या उजेडाखालीच तो पाहतो. तेथे वस्तू निर्जीव असते व दिवा पाहणाऱ्यासाठी असतो. येथे पाहिली जाणारी वस्तू उलट आपल्याकडे पाहत असते, आणि आपल्याहून चांगले पाहत असते, एवढाच काय तो भेद.

ज्यांना पैसे खर्च करावयाचे आहेत त्यांच्यासाठी आणखी एक उपाय आहे. दुकानांतून चोरांवर नजर ठेवण्यासाठी जे कॅमेरे बसवितात, ते अंधारात अवरक्त किरणांनी पाहतात. हे किरण आपल्याला दिसत नाहीत व पालीलाही दिसत नाहीत. ८५० नॅनोमीटरच्या कॅमेऱ्यावर आपल्याला मंद लाल ठिपके दिसतात; ९४० नॅनोमीटरचा असेल तर तेही नाहीत. असा एखादा लहान कॅमेरा पेटीसमोर ठेवला, तर संपूर्ण काळोखात पाल काय करते हे पडद्यावर पाहता येते. चित्र काळेपांढरे येईल, पण खरी रात्र पाहावयास मिळेल. पालीने टोळावर झडप घालण्यापूर्वी शेपटीचे टोक मांजरीसारखे वळवळविताना पाहणे, हा आनंद काही लहान नाही.

उष्णतेसाठी रात्री बल्ब जाळण्याचे कारण सुरतेच्या हवेत क्वचितच पडते. रात्री पेटीचे तापमान वीस अंशांपर्यंत उतरले तरी निरोगी बिबट्या पालीला ते बाधत नाही. रानातही रात्री थंडच असतात. त्याहून थंडी पडली तर उजेड न देणारी उबेची गादी पेटीच्या तळाखाली, आणि तापमान आवरणारे यंत्र जोडूनच, वापरावी. बल्ब पेटीच्या आत कधीही लावू नये. तापलेल्या वस्तूपासून वेळीच दूर सरावे ही बुद्धी सरपटणाऱ्या जनावरांना फारशी नसते व ती भाजतात.

इच्छापोरचा विचार करताना आम्हांस आणखी एक गोष्ट सुचली. सुरतेहून हजिऱ्याकडे जाताना तापीच्या उजव्या अंगाला हे गाव आहे. वाटेत, योगायोग पाहा, पाल नावाचेच एक जुने गाव लागते, जे आज शहरात मिसळून गेले आहे. एका बाजूस वाढते शहर, दुसऱ्या बाजूस हजिऱ्याचे कारखाने व कवासचे वीजकेंद्र, आणि गावातच हिऱ्यांच्या कारखान्यांची वसाहत. अशा ठिकाणी खिडकीतून आत येणारा उजेडच कधी कधी पौर्णिमेपेक्षा अधिक असतो. रस्त्यावरच्या दिव्याचा झोत पेटीवर पडत असेल, तर घरातला दिवा कितीही मंद केला तरी व्यर्थ. तेव्हा पेटी खिडकीपासून दूर, आतल्या भिंतीशी ठेवावी किंवा रात्री त्या बाजूने जाड कापड सोडावे. वरची जाळी मात्र मोकळी असू द्यावी.

ही पाल कोठून आली हाही प्रश्न आहेच, आणि तो आम्ही टाळणार नाही. दुकानांतून जी बिबट्या पाल विकली जाते ती मूळची अफगाणिस्तान, पाकिस्तान व वायव्य भारत ह्या कोरड्या प्रदेशातील. परदेशात कित्येक दशकांपासून तिची पैदास पिंजऱ्यात होत आली आहे. परंतु तिच्या सख्ख्या बहिणी आपल्या रानातही राहतात. एक जात गुजरात व पश्चिम महाराष्ट्राच्या बाजूला आहे. दुसरी सातपुड्यातली, तिला स्वतंत्र जात म्हणून २०१४ सालीच नाव मिळाले, तेही सातपुड्याचेच. ज्या तापीच्या काठी हे कुटुंब आज राहते, ती नदी त्याच सातपुड्यात उगम पावून खानदेशातून सुरतेस येते! मुलांच्या आजोळच्या डोंगरात हे जनावर रात्री हिंडत असेल आणि बहुधा दिसताक्षणी मारलेही जात असेल. कारण ठिपकेदार अंग पाहून लोक त्याला विषारी समजतात. जगातील कोणतीही पाल विषारी नाही. ना ही, ना भिंतीवरची. पंचांगात पल्लीपतनाची फळे छापलेली असतात, म्हणजे पाल अंगावर कोठे पडली तर काय होईल त्याची यादी; आमच्या मते पडणाऱ्या पालीलाच त्यात अधिक धोका असतो. एक काळजी तेवढी खरी आहे. पालीच्या विष्ठेतून पोटाच्या विकाराचे साल्मोनेला जंतू पसरू शकतात. म्हणून पेटीत हात घातल्यावर साबणाने हात धुवावेत, आणि पाच वर्षांखालील मुलांच्या हाती पाल देऊ नये.

रानातली पाल पकडून काचपेटीत घालण्याचा मोह मुलांना झाला, तर वडीलधाऱ्यांनी तो तेथेच थांबवावा. आपल्याकडे वन्यजीवांच्या संरक्षणाचा कायदा १९७२ पासून आहे. रानातील जीव वनखात्याला विचारल्यावाचून घरात आणण्याची वस्तू नव्हे. दुकानातून आणलेल्या जनावराचीही पावती मागून जपून ठेवावी.

ज्या मुलांच्या घरी काचपेटी नाही, त्यांनी खट्टू होऊ नये. ओटीवरच्या दिव्यापाशी रोज रात्री जो खेळ चालतो, तो फुकट आहे. आपल्या घरपाली उजेडाला भीत नाहीत असे वाटते, पण नीट पाहिले तर त्या दिव्यासाठी येत नाहीत, किड्यांसाठी येतात. पोट भरले की भिंतीच्या काळोख्या भेगेत परततात. हे किडे तरी दिव्याभोवती का फिरतात? आजवर लोक म्हणत, ते दिव्याला चंद्र समजतात. २०२४ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात वेगाने घेतलेल्या चित्रांवरून असे दिसले, की उडणारा कीटक आपली पाठ उजेडाकडे ठेवू पाहतो. आकाशाचा उजेड वर असेल तोवर हे ठीक, पण दिवा बाजूला आला की त्याची सारी चाल कलते व तो फेऱ्यांत अडकतो. निळसर पांढऱ्या दिव्यावर किडे अधिक येतात, पिवळ्यावर कमी. दोन रात्री दोन निरनिराळे दिवे लावून मुलांनी पाली मोजाव्यात. वही घ्यावी, वेळ लिहावी. नीतिसूत्रांच्या पुस्तकात पृथ्वीवरील लहान पण शहाण्या चार जीवांत ज्याची गणना केली आहे, त्या चौथ्या जीवाचे हिब्रू नाव काही भाषांतरकारांनी कोळी असे लावले व काहींनी पाल; राजवाड्यात शिरणारा तो जीव कोणता ह्याविषयी पंडितांत एकमत नाही. ओटीवर बसून पाहणाऱ्या मुलाचे मत आम्ही तरी पालीच्या बाजूने धरू.

पत्राच्या शेवटी धाकट्या मुलीनेही वेड्यावाकड्या अक्षरांत दोन ओळी लिहिल्या आहेत. पाल डोळे उघडे ठेवूनच झोपते का, असे तिने विचारले आहे. बाळ, भिंतीवरची पाल होय, तशीच झोपते. तिला हलत्या पापण्याच नाहीत. डोळ्यावर पारदर्शक कातड्याचे झाकण असते व ते ती जिभेने चाटून स्वच्छ करते. म्हणून तिला उजेड नकोसा झाला तरी डोळे मिटून घेता येत नाहीत. बाहुली बारीक करावी आणि भेगेत शिरावे, एवढेच तिच्या हाती. तुझ्या दादाच्या पालीला मात्र खऱ्याखुऱ्या पापण्या आहेत. तिच्या घराण्याला शास्त्रज्ञांनी दिलेल्या ग्रीक नावाचा अर्थच मुळी चांगल्या पापण्यांची असा आहे. उद्या सकाळी शाळेत जाण्यापूर्वी खापराची कड अलगद उचलून पाहा. ती डोळे मिटून झोपलेली असेल.